आधी कापूस हलवा, मग यंत्राचं बघा: खान्देशातल्या घरातली हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेर तालुक्यातल्या गावात तीन खोल्यांचं घर. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या, मागचं स्वयंपाकघर जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या चुलीवर. दिवाळीनंतर भाव येईपर्यंत कापूस मधल्या खोलीत पडून असतो, उन्हाळ्यात त्याच खोलीच्या खिडकीला कूलर लागतो. आईला दमा आहे, घरात दोन लहान मुलं आहेत. अशा घरासाठी बारा हजारांचं एअर प्युरिफायर घ्यावं का?

आत्ता घेऊ नका. प्युरिफायर बंद खोलीतली तीच ती हवा ओढून गाळत राहतं. तुमच्या घरात धूर आणि कापसाची धूळ रोज नव्याने तयार होते, आणि मार्च ते जून कूलरसाठी खिडकी उघडीच असते. शिवाय कार्बन मोनॉक्साइड किंवा गव्हात किडीसाठी टाकतात त्या गोळ्यांचा वायू असल्या जिवावरच्या गोष्टींवर त्या फिल्टरचा काही उपयोग नाही. आधी धूळधूर जिथे तयार होतो ती जागा घराबाहेर न्या. जे आतच राहणार त्याला बाहेर जायची वाट करून द्या. यंत्राचा विचार त्यानंतर.

चूल

सगळ्यात मोठा वाटा तिचाच आहे. फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या बारीक कणांना पीएम २.५ म्हणतात. बाहेरच्या हवेत ते चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावेत असं आपल्या देशाचं मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा तर फक्त १५ आहे. बंद स्वयंपाकघरात चूल पेटली की हा आकडा काही शेकड्यांत जातो, आणि पेटवतानाच्या पहिल्या दहा मिनिटांत हजार ओलांडणंही नवल नाही.

अंघोळीचं पाणी आधी बाहेर काढा. त्यात चवीचा प्रश्न नाही, त्यामुळे घरात वादही होत नाही. परसात बंब ठेवला की रोजचा तासभर धूर घरातून गेला. भाकरीचं म्हणाल तर कळण्याची भाकरी चुलीवरच हवी हा आग्रह समजण्यासारखा आहे. पण मग ती चूल तीन बाजूंनी उघड्या पडवीत मांडा. भरिताची वांगी भाजायची तर अंगणातच. खापरावरचे मांडे असतील त्या दिवशी दोन-तीन तास सलग जाळ चालतो, तेव्हा आईने त्या बाजूला फिरकू नये. पुरणाची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे द्या.

चूल आतच ठेवायची असेल तर तीन कामं करा. पहिलं, जाळ जमिनीवर न ठेवता चुलीच्या तळापासून इंचभर वर लोखंडी सळयांच्या जाळीवर ठेवा. खालून हवा मिळाली की तेच इंधन कमी धुरात जळतं. दुसरं, चार इंची धुराडं बसवा. ते छताच्या वर निदान दोन-तीन फूट गेलं पाहिजे आणि त्यावर टोपी हवी. वाकण जितकं कमी तितकी ओढ जास्त. काजळी दर पंधरवड्याला काढा, कारण चार इंचांच्या पाइपात अर्धा इंच काजळी बसली की वाट जवळपास निम्मी होते. दुहेरी चुलीला मागच्या वैलावर (दुसऱ्या तोंडावर) भांडं नसेल तर तो झाकून ठेवा, नाहीतर धुराडं सोडून धूर तिथूनच वर येतो. तिसरं काम जळणाचं. पऱ्हाटी बारीक असते, भराभर जळते, म्हणून बायका एकदम मोठा भारा सारतात आणि हवा कोंडून धूर होतो. हातभर लांबीचे तुकडे करा आणि एका वेळी तीन-चारच सारा. उघडलेली-न उघडलेली बोंडं आधी झोडून काढा. ओली पऱ्हाटी धुरकटच जळणार, म्हणून ती वापरायचीच असेल तर एप्रिल-मेमध्ये वाळवून पावसाआधी छपराखाली न्या. पण गुलाबी बोंडअळीचे कोष तिच्यात राहतात, त्यामुळे पऱ्हाटी साठवूच नका असं कृषी विभाग सांगतो. म्हणून तुरखाट्या (तुरीची वाळकी झाडं) किंवा बाभळीची फोडलेली लाकडं मिळत असतील तर तीच बरी. बियाण्याची प्लॅस्टिक पाकिटं आणि औषधांची खोकी पेटवायला वापरू नका. त्यांचा धूर साध्या धुरापेक्षा कितीतरी वाईट असतो.

जुन्या धाब्याला वर साणं, म्हणजे धूर जायला छतात ठेवलेलं भोक असायचं. गळतं म्हणून बहुतेक घरांत ते फरशी ठेवून बुजवलेलं दिसतं. ते पुन्हा उघडा. एक फूट बाय एक फूट भोक, भोवती सहा इंच उंच सिमेंटची कड, वर चार पायांवर पत्र्याची टोपी, टोपी आणि कडेमध्ये सहा इंच मोकळी जागा, आणि तिथे जाळी. गरम धूर आपोआप वर जातो, वीज नसली तरी चालतं.

पंखा बसवायचा तर हिशोब असा करा. दहा बाय आठ फुटांचं, दहा फूट उंच स्वयंपाकघर म्हणजे सुमारे २३ घनमीटर हवा. ती तासाला पंधरा ते वीस वेळा बदलायला ३५० ते ४५० घनमीटर क्षमतेचा एक्झॉस्ट फॅन लागतो. हा आकडा खोक्यावर एअर डिलिव्हरी म्हणून छापलेला असतो. दुकानदार इंच सांगेल, तुम्ही आकडा वाचा. पंखा शेगडीच्या बाजूच्या भिंतीत, छताखाली फूटभर अंतरावर हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीतला पंखा वाऱ्याशीच भांडत बसतो. जमलं तर पूर्व किंवा उत्तर भिंत निवडा.

इथे एक चूक सर्रास होते. पंखा लावतात आणि सगळी दारं-खिडक्या बंद ठेवतात. बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा कुठून तरी आत यावीच लागते. ती खिडकीतून आली नाही तर धुराड्यातून उलटी येते, धूर सोबत घेऊन. म्हणून पंख्याच्या समोरची खिडकी उघडी ठेवा आणि मधल्या खोलीचं दार लावा. तपासायला पेटलेली उदबत्ती त्या दाराच्या फटीशी धरा. धूर स्वयंपाकघराकडे ओढला गेला तर काम बरोबर झालं. मधल्या खोलीकडे वळला तर पंख्याची ओढ अपुरी आहे.

गॅसचं थोडक्यात. ज्योत निळी हवी. पिवळी ज्योत आणि भांड्याच्या बुडाला काजळी याचा अर्थ जळण अर्धवट होतंय. बर्नर काढून भोकं पिनेने साफ करा. गॅसवरही नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि तो दम्याला चाळवतो, म्हणून पंखा गॅसलाही लावा. किचन चिमणी घ्यायची तर धूर पाइपने बाहेर टाकणारीच घ्या. गाळून परत घरात सोडणारी चिमणी तेल आणि फार तर थोडा वास पकडते. पाइप सहा इंची असेल तर सहा इंचीच ठेवा. भिंतीत चार इंची भोक तयार आहे म्हणून तिथे बसवलेली चिमणी आवाज खूप करते, ओढत काहीच नाही.

काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजताना उठणारा ठसका दम्याच्या माणसाला झटका आणू शकतो. ते काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करा, आणि आईला त्या दिवशी शेजारी पाठवा.

कापसाची खोली

घरात कापूस भरला की अंगाला खाज येते हे कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्या ढिगात नुसता तंतू नसतो. सुकलेल्या पानांचा भुगा, बोंडाच्या टरफलांचा चुरा, बारीक किडी आणि ओल असेल तर बुरशी, असं सगळं असतं. जिनिंगमध्ये वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना कापसाच्या धुळीने बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. सुटीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणं ही त्याची ओळख. घरातली धूळ तेवढी नसते, पण दमा असलेल्या माणसाला ती पुरेशी आहे. तुमच्याकडे आईची रोजची रात्र त्या ढिगाशेजारी जाते.

पहिला पर्याय म्हणजे कापूस बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा शेतातल्या खोलीत. चोरीच्या भीतीने घरातच ठेवायचा असेल तर बाहेरून स्वतंत्र दार असलेली खोली निवडा आणि घरात उघडणारं दार हंगामभर बंद ठेवा. फटींत जुन्या साडीच्या पट्ट्या ठासा. त्या खोलीत छताचा पंखा लावू नका. सगळ्यात जास्त धूळ उडते ती कापूस दाबून भरताना, आणि मुलं ढिगावर उड्या मारतात तेव्हा. मुलांना मजा वाटते, पण हे कडकपणे थांबवा.

दव असताना वेचलेला कापूस थेट आत नेऊ नका. आधी ताडपत्रीवर ऊन दाखवा. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी ८ ते १२ टक्के ओलाव्यात चालते, त्यामुळे कोरडा कापूस भावाच्या दृष्टीनेही चांगला. ओला ढीग आतून तापतो, कुबट वास येतो आणि बुरशी धरते. कोरडा झाला की वरून जुन्या सुती चादरी टाका. ओलसर कापसावर प्लॅस्टिक झाकलं तर बुरशी आणखी वाढेल. खाज येते म्हणून ढिगावर कीटकनाशक मारण्याचा प्रकार काही घरांत चालतो. तो करू नका, ते औषध रात्रभर तुमच्याच श्वासात जातं.

गाडी भरताना तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क लावा, नाकावरची पट्टी दाबून बसवा, चष्म्यावर वाफ येत नाही ना ते बघा. कापूस गेल्यावर खोली कोरडी झाडू नका. पाण्याचा हलका शिडकावा करा, भिंती वरून खाली ओल्या फडक्याने पुसा, मग फरशी. दारं-खिडक्या उघड्या ठेवून पूर्ण एक दिवस जाऊ द्या आणि मगच तिथे अंथरूण टाका.

धाब्याची मातीही वरून झिरपत असते, कारण खाऱ्या मातीचा थर आणि खालच्या काड्या सुटत जातात. लाकडी तुळयांखाली कापडी छत बांधा आणि वर्षातून दोनदा ते सोडवून अंगणात धुवा. पडवीला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते कटरने कापू नका, कोरडे घासू नका, भोक पाडायचंच तर पाणी मारून पाडा. रंगाचा हात दिला की वरचे तंतू सुटत नाहीत.

जे दिसत नाही आणि जीव घेतं

गव्हात टाकायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, राहत्या घरात कधीच नकोत. तीन ग्रॅमची एक गोळी धान्यातल्या ओलाव्याने सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. तो हवेपेक्षा थोडा जड असतो आणि दाराच्या, फळ्यांच्या फटींतून शेजारच्या खोलीत जातो. त्यावर उतारा नाही. कोठी एका खोलीत आणि दगावलेली मुलं दुसऱ्या खोलीत, अशा घटना देशात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. लसूण किंवा सडक्या माशासारखा वास येतो, पण वास नाही म्हणजे वायू नाही असं समजू नका. कुणी टाकल्याच असतील तर सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडा, दारं उघडी टाका, गोळ्यांवर पाणी मारू नका, हाताने वेचू नका. मळमळ, छातीत दाटणं किंवा चक्कर असेल तर १०८ ला फोन करा आणि गोळीचं नाव सांगा. घरच्या धान्याला मे महिन्याचं ऊन पुरतं. दाणा दाताखाली कडकन फुटेपर्यंत वाळवा, थंड होऊ द्या, मग हवाबंद कोठीत किंवा जाड हवाबंद पिशवीत भरा. डाळींना एरंडेल चोळण्याची जुनी पद्धतही चांगली आहे.

दुसरा धोका हिवाळ्यातला. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की निखाऱ्यांची शेगडी खोलीत येते आणि दार लावलं जातं. निखाऱ्याला धूर दिसत नाही म्हणून तो निर्धोक वाटतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातूनच सर्वात जास्त येतो. या वायूला ना रंग ना वास. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर ही थंडी-ताप नाही. शेगडी झोपायच्या खोलीत नकोच. गॅस गिझरही बंद बाथरूममध्ये बसवू नका. तो बाहेरच्या भिंतीवर लावून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या.

ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेट क्लीनरचं ॲसिड एकत्र झालं की क्लोरीन वायू सुटतो, म्हणून एका दिवशी एकच वापरा. फवारणीची औषधं आणि पंप पलंगाखाली न ठेवता बाहेर कुलपात ठेवा. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला वारा लागेल अशी जागा द्या. डासांच्या कॉइलबद्दल २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. गोवरीवर कडुनिंबाचा पाला टाकून केलेला धूरही दम्याला तितकाच नकोसा. मच्छरदाणी लावा आणि खिडकीला जाळी. ती जाळी महिन्यातून एकदा धुवा, कारण धुळीने भरलेली जाळी वारा अडवते.

खिडकी कधी उघडायची

याचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं आणि बहुतेक घरांत नेमकं उलट केलं जातं. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत बसते आणि गावातल्या चुली-शेकोट्यांचा धूर रात्रभर आणि सकाळी त्याच थरात अडकून राहतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी साधारण अकरा ते चार या वेळात समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि संध्याकाळी गावात चुली पेटायच्या आत बंद करा. "सकाळची ताजी हवा" इथे खरी ठरत नाही. एप्रिल-मेमध्ये रात्री आणि पहाटे उघडा, दहानंतर बंद. वावटळ उठली, शेजारच्या शेतात पाचट किंवा पऱ्हाटी पेटवली किंवा फवारणी सुरू झाली की वेळ न बघता बंद.

कूलर

कूलरला आत ढकललेल्या हवेइतकी वाट बाहेर जायला लागते. तासाला १७०० घनमीटर हवेमागे साधारण दोन चौरस फूट उघडी जागा असा ठोकताळा आहे. खोक्यावर ३००० लिहिलं असेल तर साडेतीन चौरस फूट, म्हणजे समोरची दोन बाय दोनची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडी. नाहीतर खोली दमट होते, गारवा जातो, आणि भिंतीच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके उमटतात.

ओलं गवत जाडी धूळ पकडतं, धूर पकडत नाही. कूलरच्या मागे शेजाऱ्यांची चूल असेल तर तो धूर तुम्हीच पंख्याने घरात भरताय. आधी जागा बदला. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा आणि आतल्या भिंती ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासांची अंडी भिंतीला चिकटून कोरडी असली तरी महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. बोअरचं पाणी जड असतं, क्षार गवतावर चढतात आणि वारा कमी होतो. लाकडी गवत दर हंगामाला नवं घ्या. हनीकोंब पॅड असेल तर लिंबूसताच्या पाण्यात भिजवून धुवा, आणि त्यात ब्लीचिंग अजिबात मिसळू नका. रोज बंद करण्याआधी अर्धा तास पंप थांबवून नुसता पंखा चालू ठेवला की गवत वाळतं आणि कुबट वास येत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की पंपच बंद ठेवा. दमट हवेत कूलर गारवा देत नाही, ओल मात्र देतो. भिंतीवर बुरशी आलीच तर आधी गळती शोधा, मग घासून चुन्याचे दोन हात द्या. चुना क्षारीय असल्यामुळे तिथे बुरशीला पुन्हा जम बसवणं अवघड जातं.

आता यंत्र

एवढं केल्यावर आईच्या झोपायच्या खोलीसाठी, हिवाळ्याच्या बंद रात्रींपुरतं प्युरिफायर घेतलं तर त्याचा उपयोग होईल. बारा बाय दहा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे ३४ घनमीटर. ती तासाला पाच वेळा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती गाळलेली हवा देतं तो आकडा, १७० घनमीटर प्रतितास असायला हवा. हा आकडा रात्री सोसेल इतक्या आवाजाच्या वेगावर मिळतो का ते विचारा, कारण जाहिरातीतला आकडा कमाल वेगाचा असतो. फिल्टर खरा हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा हवा. आयोनायझर किंवा ओझोन सोडणारं यंत्र घेऊ नका, ओझोन दम्याला त्रास देतो. भिंतीपासून फूटभर दूर ठेवा, पलंगाच्या मागे नको. पहिली जाळी पंधरवड्याला झटका. वर्षाचा फिल्टर किती रुपयांना पडेल आणि जळगावात मिळतो का, हे यंत्र घेण्याआधीच विचारून ठेवा. तुळस, कोरफड हौसेने लावा, पण हवा शुद्ध करायला नव्हे. २०१९ च्या एका आढाव्यानुसार खिडकीतून होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीशी बरोबरी करायला चौरस मीटरला किमान दहा आणि कमाल हजार कुंड्या लागतील.

आईचा इनहेलर मात्र हवा सुधारली म्हणून स्वतःहून बंद करू नका. ते डॉक्टर ठरवतील.

पीएम २.५ चा छोटा मीटर मिळाला तर तीन वेळा मोजा: चूल पेटण्यापूर्वी, भाकरी चालू असताना आणि विझल्यावर तासाभराने. प्रत्येक वेळी मधल्या खोलीत, आईच्या उशाशी, त्याच जागी. शेवटचा आकडा पहिल्याच्या जवळ आला नसेल तर साणं, धुराड्यातली काजळी आणि पंख्यासमोरची खिडकी याच क्रमाने तपासा. पावसाळी दमटपणात हे मीटर वाढीव आकडा दाखवतात, म्हणून जुलैतला आकडा डिसेंबरच्या आकड्याशी ताडून बघू नका.